कळंबाला आवतण

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली. हॉल कुठलाही चालेल, पुण्याच्या सासरच्यांना जे काही 'शॉर्ट अँड स्वीट' करायचं असेल ते करू द्या, पण देवक आईच्या कळंबाचंच हवं. तिच्या आईने एका गावच्या सामाईक झाडीत कळंबाची नऊ रोपं लावली होती, त्यातल्या कुठल्याही एकाची डहाळी. हे तिने इलेक्ट्रॉनिक सिटीहून घरी येताना बसमधून फोनवर सांगितलं. मी "सरी" म्हणालो, म्हणजे आपलं 'बरं', फोन ठेवला आणि कुकरची कितवी शिट्टी झाली ते आठवत बसलो.

तिच्या आईला जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते.

देवक म्हणजे कुळाची खूण. आम्हा मराठ्यांत प्रत्येक कुळाचं एक असतं, कुणाचं झाड, कुणाचं मोराचं पीस. आमचं कळंब. लग्नाच्या दिवशी सकाळी त्याची पानांसकट डहाळी आणून देवापुढे मांडायची, तिची पूजा करायची, मग पुढचं सगळं. ते मांडल्याशिवाय आमच्याकडे हळदसुद्धा लागत नाही. होणारा जावई एचएसआर लेआउटमध्ये राहतो, चांगला मुलगा आहे, त्याने मला विचारलं, "काका, देवक म्हणजे एक्झॅक्टली काय?" मी म्हणालो, घरातलाच एक थोरला, फक्त झाडाच्या रूपात. त्याने मान डोलावली आणि फोनमध्ये बघायला लागला. पुण्याच्या लोकांना आमचं मराठी तसंही अर्धंच कळतं.

आमचे पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर बंगळुरात आले आणि परत जायचं विसरले. भाषा आणली, देव आणले, देवकाचं नाव आणलं. झाड काही आणता येत नाही. इथे आल्यावर कुणीतरी कळंब शोधला असेल, सापडला नसेल, आणि देवळाच्या आवारात कदंब दिसल्यावर नाव जवळचंच आहे की, असं म्हणून त्याची फांदी तोडली असेल. पुढे तेच चालू राहिलं. आमच्या घरात कदंबालाच कळंब म्हणतात. ताटलीएवढं पान, लाडवासारखं गोल केशरी फूल, भराभर वाढणारं, मऊ लाकडाचं झाड. मी साठ वर्षं त्याच्याकडे बोट दाखवून कळंब म्हणत आलो.

बायको साताऱ्याकडची. तिच्या माहेरी ओढ्याकाठी खरा कळंब होता. आमच्या लग्नात देवकाचं ते थोरलं पान बघून ती गप्प बसली, नवी नवरी काय बोलणार. वर्षभराने बोलली. म्हणाली, अहो, तो कळंब नव्हेच. कळंबाचं पान तळहाताएवढं असतं, फूल गोटीएवढं, आणि लाकूड असं की कोयता परत येतो. मी विचारलं, मग आपलं लग्न झालं की नाही? तर म्हणाली, "तुमचं झालं असेल कदंबाशी. माझं अजून व्हायचंय." त्यानंतर तीस वर्षं, जरा कुठे वाजलं की ती हेच काढायची. आपलं लग्न कच्चं आहे, माझ्यावर आवाज चढवू नका.

अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, ही थट्टा मुळीच आवडायची नाही. चिकपेटेत आमचं साड्यांचं दुकान आहे, ते तो बघतो. तिथे गादीवर बसून तो गंभीरपणे म्हणायचा, बापजाद्यांनी केलं ते चूक कसं असेल? मला दोघांचंही पटायचं, कारण मला झाडांत रस नव्हता. मी कारखान्यात लेथवर आयुष्य काढलेला माणूस. लोखंडातला फरक मला हात लावून कळतो, पानांतला कधी कळला नाही आणि कळून घ्यावासा वाटलाही नाही.

मी निवृत्त झालो त्या वर्षी बायकोला गुंडुतोपू सापडला. गुंडुतोपू म्हणजे गावाची सामाईक झाडी. पूर्वी बंगळुराच्या आसपास गावोगाव असायची, आंबा, फणस, जांभूळ, सावलीसाठी आणि लाकडासाठी. इलेक्ट्रॉनिक सिटीच्याही पुढे एका गावात तळ्याकाठी असा एक तोपू होता, मधल्या काळात कुणीतरी त्यात नीलगिरी भरून ठेवली होती. गावाने ती काढली आणि जुनी झाडं परत लावायचं ठरवलं. नुसती हिरवळ हवी होती असं नाही. प्रत्येक झाडामागे कुणाचं तरी काम अडून बसलं होतं. गावदेवीच्या रथाची चाकं होन्नेच्या लाकडाची लागतात, आपण ज्याला बिबळा म्हणतो. ते मिळेना म्हणून रथ शेडमध्ये उभा होता. वीणा करणाऱ्या एका म्हाताऱ्याला फणस हवा होता. लाकडी खेळणी करणाऱ्यांना कुडा. रविवारी एचएसआरमधली आयटीची मंडळी टोप्या घालून खड्डे खणायला यायची, गावच्या बायका रोपं करायच्या, आणि थोरली माणसं कट्ट्यावर बसून कुठलं लाकूड कशाला लागतं यावर वाद घालायची. बायको पहिल्यांदा गेली तेव्हा त्यांना म्हणाली, आमचं कुळाचं लग्न अडलंय, मला कळंब लावायचाय. ते सगळे हसले आणि तिला जागा दिली.

रोपवाटिका सांभाळणारी अक्का तिची तिथली मैत्रीण. पन्नाशीची, बोलायला कडक. तिला मराठी येत नव्हतं आणि बायकोचं कन्नड इतक्या वर्षांनंतरही भाजीवाल्याच्या पुढे गेलं नव्हतं. तरी दोघी तासन्‌तास बोलायच्या, कशा ते मला कळलं नाही. कळंबाला कन्नडमध्ये कडवाल म्हणतात हे बायकोला अक्काकडून कळलं, आणि बायकोच्या तोंडून ऐकून ऐकून अक्का त्याला कळंब म्हणायला लागली. बायकोला याचा फार अभिमान होता. घरी येऊन सांगायची, आज अक्का गावच्या गौडांसमोर, म्हणजे पाटलांसमोर, कळंब म्हणाली.

कळंबाचं बी इतकं बारीक की हातावर घेतलं तर धूळच वाटेल. अक्का बी आणायची, दोघी मिळून पेरायच्या. पहिल्या वर्षी काहीच उगवलं नाही. दुसऱ्या वर्षी उगवलं ते पावसाच्या थेंबांनी मोडलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी पसरट ताटं घेतली, माती चाळून घातली, वर गोणपाट धरलं आणि झारीऐवजी ओला फडका पिळून पाणी दिलं. नऊ रोपं जगली. काही महिने ती आमच्या गॅलरीत होती. मी कपडे वाळत घालायला गेलो की बायको आतून ओरडायची, पाय, पाय, पाय बघा. मी पाय बघायचो. एकदाही वाकून त्यांची पानं बघितली नाहीत. हे आता लिहिताना लाज वाटते.

मग तिचं पोट दुखायला लागलं. पाच महिन्यांत सगळं आटोपलं. ते पाच महिने मी इथे लिहीत नाही, कारण मला औषधांच्या वेळांपलीकडे फारसं काही आठवत नाही.

मी रडलो नाही. तिला नेताना नाही, दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. नातेवाईक म्हणाले, माणूस खंबीर आहे. खंबीर कसला, दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल असतो तसा मी झालो होतो. आपलाच आहे हे माहीत असतं, चावला तरी कळत नाही. चहात साखर घालायची राहिली हे लेकीने घोट घेतल्यावर समजायचं, तोवर माझा कप संपलेला असायचा. कुणी भेटायला येऊन डोळे पुसायला लागलं की मी उठून पंखा वाढवायचो. राग यायचा नाही, भूक लागायची नाही, झोप मात्र वेळेवर लागायची. त्याचीच मला थोडी भीती वाटायची, पण तीही फार वेळ टिकायची नाही.

लेक मात्र सावरली आहे असं मला दिसत होतं. ऑफिसला जायची, हसायची, फोनवर लग्नाच्या याद्या करायची. रविवारी तिने मला तोपूत पाठवायला सुरुवात केली. आईची झाडं आहेत, बघून या, म्हणायची. मी जायचो, कारण न जाण्याचं कारण सांगावं लागलं असतं. एक बस, मग दुसरी बस, मग पंधरा मिनिटं चाल. तिथे सांगतील ते करायचो. गवत काढ, आळी कर, पाण्याची बादली दे. अक्का मला यजमान्रे म्हणते, घरधन्याला म्हणतात तसं. ती फार बोलायची नाही. एकदा मी एकाच झाडाला दोनदा पाणी घातलं तेव्हा म्हणाली, "यजमान्रे, हात चांगला चालतो तुमचा. डोळे कुठे असतात?" मी हसलो असेन.

तोपूत कदंबही होते. बायको असतानाच कुठल्याशा ऑफिसची माणसं बॅनर घेऊन आली होती आणि एका सकाळीत ओळीने कदंब लावून, फोटो काढून गेली होती. आता ते माझ्या दुप्पट उंच झाले होते, तळ्याकडचं पाणी ओढत होते आणि होन्नेच्या रोपांवर सावली धरत होते. पावसाचा जोर ओसरल्यावर गावच्या बैठकीत ठरलं की कदंब मुळासकट काढायचे आणि तिथे होन्ने लावायचे. लग्न मार्गशीर्षात होतं, त्याला महिना-सव्वा महिना राहिला होता. लेक मला दर रविवारी विचारायची, आईच्या कळंबांना पानं आहेत ना भरपूर? मी म्हणायचो, आहेत.

त्या रविवारी अक्का आली नव्हती. तिच्या मुलीला बाळंतपणासाठी दवाखान्यात ठेवलं होतं. झाडं काढायला बाहेरची दोन माणसं आली होती, हिंदी बोलणारी. त्यांना इथली झाडं ठाऊक असायचं कारण नव्हतं. बाकीची मंडळी तळ्याच्या पलीकडे खड्डे खणत होती, त्यामुळे त्या दोघांना सांगायला मी एकटाच. मी कुदळी मोजून देत असताना अक्काचा फोन आला. मागे गलका होता, ती घाईत होती.

"यजमान्रे, तुमचे कळंब तेवढे ठेवायचे. त्यांना चुन्याचा पट्टा ओढा, म्हणजे ते लोक हात लावणार नाहीत. बाकीचे सगळे कदंब, ते काढू द्या."

ती कडवाल म्हणाली असती तर मी विचारलं असतं, तो कुठला? पण ती कळंब म्हणाली. माझ्या बायकोचा शब्द तिने माझ्यासाठी वापरला. आणि कळंब कुठला हे मला लहानपणापासून माहीत होतं.

मी चुन्याची बादली आणि ब्रश घेतला आणि ताटलीएवढ्या पानाच्या प्रत्येक झाडाला पट्टा ओढला. नीट ओढला, सगळे एका उंचीवर, कारखान्यातली सवय. बायकोचं बोलणं मी विसरलो होतो असं नाही. तळहाताएवढं पान, गोटीएवढं फूल, कच्चं लग्न, सगळं मला पाठ होतं. ते तिचं बोलणं म्हणून पाठ होतं, त्या बोलण्याचा समोरच्या झाडाशी संबंध आहे हे माझ्या हाताला कळलं नाही. ओळीच्या मध्ये खांद्याला लागतील एवढी, बारीक पानांची नऊ झाडं होती. बायकोने त्यांना खुणेसाठी जुन्या साडीच्या चिंध्या बांधल्या होत्या, त्या कधीच कुजून गेल्या होत्या. त्या दोघांतल्या एकाने विचारलं, "अंकल, ये छोटेवाले?" मी म्हणालो, "निकाल दो।"

वेळ लागला. कोयत्याला धार लावत तो म्हणाला, छोटा है, मगर लकडी बहुत सख्त है. हेही मी ऐकलं. मग मी सावलीत जाऊन डबा उघडला. चित्रान्न होतं, लेकीने केलेलं. सगळं खाल्लं आणि डबा तळ्यावर धुऊन आणला.

चारच्या सुमाराला अक्का आली. मुलीचं सगळं नीट झालं होतं, ती सगळ्यांना द्यायला पेढे घेऊन आली होती. तोपूत शिरली आणि थांबली. पट्टे ओढलेले कदंब तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितले. मग मधल्या मोकळ्या जागेत गेली, ढिगातून एक फांदी उचलली आणि तिथेच खाली बसली. मी जवळ गेलो. तिने फांदी माझ्यापुढे धरली आणि विचारलं, हे काय आहे? मी म्हणालो, कदंब.

"हे कडवाल," ती म्हणाली. "हाच तुमचा कळंब."

मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. ती स्वतःच्याच कपाळावर मारून घेत होती, आपण कडवाल का नाही म्हणालो, कुठून हा मराठी शब्द शिकलो म्हणून. मी तिला म्हणालो, चूक माझी आहे. ती म्हणाली, तुमचीच आहे. मग पेढ्यांचा पुडा माझ्या हातात देऊन रोपवाटिकेत निघून गेली.

मला काही वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. वाटायला हवं हे समजत होतं. मी वाटण्याची वाट बघितली. बसमध्ये बसल्यावर वाटेल, फ्लायओव्हर उतरल्यावर वाटेल, घराचं कुलूप उघडल्यावर नक्की वाटेल. बस फ्लायओव्हर उतरली, मी उतरलो, कोपऱ्यावर कोथिंबीर घेतली आणि घरी येऊन ती निवडली.

लेकीला सांगायला मी तीन दिवस घेतले. बुधवारी सकाळी ती डबा भरत होती तेव्हा सांगितलं. सगळं क्रमाने सांगितलं, कारखान्यात अपघात झाला की साहेबाला सांगायचो तसं. ती डब्याचं झाकण हातात धरून ऐकत होती.

"आईने तीन वर्षं बी पेरलं, अप्पा."

मी हो म्हणालो.

"आणि तुम्हाला पान ओळखता आलं नाही."

मी नाही म्हणालो.

"तुम्ही तिथे होतात तरी का?"

मी म्हणालो, होतो की, चुना मीच लावला. तिने मान हलवली. म्हणाली, "आई आजारी होती तेव्हाही तुम्ही असेच होतात. एकही औषध चुकवलं नाहीत. पण ती बोलायला लागली की तुम्ही उठून गोळ्या मोजायचात. तिने मला विचारलं होतं, अप्पा माझ्यावर रागावलेत का गं?"

हे मला माहीत नव्हतं. मी काही बोलायच्या आत तिने झाकण लावलं, डबा पिशवीत टाकला आणि दारात चप्पल घालताना म्हणाली की तिला आता देवकच नको. आमच्याकडे देवकाशिवाय लग्न लागत नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिला देवक नको नव्हतं, माझ्या हातचं काही नको होतं, ते मला बरोबर कळलं. दिवसभर मी घरात या खोलीतून त्या खोलीत फिरलो. बायको आपल्यावर रागावलेल्या माणसाची बायको म्हणून गेली, हे वाक्य मी मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं. ते कुणा दुसऱ्याच्या घरातलं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मी कुणी न सांगता तोपूत गेलो. अक्का मला बघून चकित झाली. मी तिला एवढंच विचारलं, बी तू कुठून आणायचीस? ती म्हणाली, दोन गावं पुढे तळ्याच्या बांधावर एक जुनं झाड आहे, पण तिकडे रस्ता रुंद करतायत, अजून असेल की नाही सांगता येत नाही. मी म्हणालो, चल. ती म्हणाली, आत्ता? मग तिने हातातली पिशवी ठेवली आणि आम्ही रिक्षाने गेलो.

झाड होतं. रस्ता त्याच्यापासून थोडा लांबून गेला होता. करड्या बुंध्याची साल पापुद्र्यांनी सुटत होती, बुंधा दोघांच्या कवेत मावणार नाही इतका. मी खालची एक फांदी वाकवली आणि एक पान तळहातावर ठेवलं. बरोबर तळहाताएवढं होतं. पालथं करून बघितलं, शिरा बघितल्या, देठ बघितला. अक्का बांधावर बसून राहिली, मला किती वेळ लागला कुणास ठाऊक. मग ती त्या गावच्या गौडांना भेटायला गेली, तिच्यामागे मी. झाड गावचं, त्याला कुणी हात लावत नाहीत. अक्काने सगळी हकिगत सांगितली, माझ्या चुन्यासकट. गौडांनी मला खालीवर बघितलं आणि एक डहाळी मंजूर केली. हत्यार लावायचं नाही, हाताने मोडायची, आणि बी धरलं की तोपूत परत ताटं लावायची, या खेपेला यजमानांनी. मी सरी म्हणालो.

ते पान मी लेकीच्या टेबलावर ठेवलं, शेजारी काही लिहिलं नाही. तिने दोन दिवस ते हलवलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना, भात वाढून घेत तिने विचारलं, आवतण द्यायला कधी जायचं?

देवक मांडायला जोडपं लागतं. बायको गेलेल्या माणसाने ते मांडायचं नसतं, म्हणून अण्णा आणि वहिनी बसणार होते. पण झाडाला आवतण द्यायचं ते घरच्या कर्त्याने. आदल्या दिवशी झाडापुढे उभं राहायचं, सुपारी-अक्षता ठेवायच्या, आपण कोण ते सांगायचं आणि माणसाला बोलावतो तसं मोठ्याने बोलवायचं. न बोलावता तोडून आणली तर ती नुसती फांदी. अण्णाची कुरकुर चालूच होती. बापजाद्यांचं झाड सोडून हे नवं कुठलं, असं तो म्हणाला. वहिनी म्हणाली, बापजाद्यांचं हेच, मधल्यांनी सोडलं. त्यावर त्याने विचारलं, शब्द तरी माहीत आहेत का याला? मला ते विचारायची गरज नव्हती. आमच्या वडिलांनी आम्हा भावंडांच्या लग्नांत ते म्हटले तेव्हा प्रत्येक वेळी मी मागे पिशवी धरून उभा होतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं गेलो, मी, लेक आणि अक्का. ऊन कलतं होतं. तळं भरलेलं होतं आणि बांधाच्या पलीकडे दोन बायका वाळलेले कपडे गोळा करत होत्या. मी चपला काढल्या, बुंध्याला हळदकुंकू लावलं, सुपारी ठेवली, अक्षता ठेवल्या. हात स्थिर होते, माझे हात नेहमीच स्थिर असतात. अक्काने पदर डोक्यावर घेतला. लेक माझ्या उजव्या हाताला उभी राहिली. मी घसा साफ केला आणि वडील सांगायचे त्याच क्रमाने सांगायला लागलो, आमचं आडनाव, आमचं मूळ गाव, जे आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही, मग मुलीचं नाव.

"उद्या आमच्या घरी शुभकार्य आहे," मी म्हणालो. "आम्ही उभयता तुम्हाला आवतण द्यायला..."

शब्द आपोआप आला होता. नवराबायको मिळून बोलावतात तेव्हाचा तो शब्द, आणि वडील तो म्हणायचे तेव्हा आई शेजारी असायची. मी डावीकडे बघितलं. कुठल्याही कार्यात बायको माझ्या डावीकडे उभी राहायची आणि मी काही चुकलो की कोपराने ढोसायची. तिथे बांध होता आणि खाली पाणी.

ती गेलीय, हे मला तिथे कळलं. चौदा महिने नुसतं माहीत होतं. मी रडायला लागलो. आवाज करून रडलो, नाक गळेपर्यंत, पंचासुद्धा जवळ नव्हता पुसायला. पलीकडच्या बायका थांबून बघायला लागल्या. मी झाडाला धरलं. मला फार दुखत होतं, छातीत, खरोखरचं.

"मी रागावलो नव्हतो गं तिच्यावर," मी लेकीला म्हणालो.

"मग काय झालं होतं?"

"घाबरलो होतो."

तिने माझा हात धरला. तीही रडत होती, आणि तोंड फिरवून रडण्याची तिला बरीच सवय असावी असं मला दिसलं. इतके दिवस मी तेही बघितलं नव्हतं. अक्का जवळ आली नाही, लांब उभी राहिली. उन्हं झाडाच्या शेंड्यावर गेली तेव्हा मी शर्टाने तोंड पुसलं. लेकीला म्हणालो, आता तो शब्द गाळतो, 'मी आलोय' असंच म्हणतो, चालेल ना?

"नाही," ती म्हणाली. "पहिल्यापासून म्हणा, अप्पा. आहे तस्संच म्हणा."

मी सरळ उभा राहिलो. पुन्हा आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, मुलीचं नाव सांगितलं, आणि आम्ही उभयतांनी कळंबाला उद्याच्या लग्नाचं आवतण दिलं.